चाहत्याची नाममुद्रा

कागदाच्या तळाशी आपण जी सही करतो, तो शब्द मुळात अरबी आहे. त्याचा अर्थ ‘खरे’, ‘बिनचूक’. वरचा मजकूर तपासला, तो बरोबर आहे, एवढीच ग्वाही त्या शब्दात होती. माणसाचे नाव त्याला पुढे चिकटले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या जुन्या शब्दाला आणखी एक नवा अर्थ येऊन मिळाला. संगणकावरून धाडलेल्या मजकुराखाली तरुण मंडळी एक लहानसे आडवे चित्र जोडू लागली, आणि त्यालाही सहीच म्हणू लागली. या चित्रात एखादा नट असतो, गायिका असते, क्रिकेटपटू असतो. त्याच्यामागे ढग, ज्वाला किंवा नुसत्याच रंगांच्या लाटा असतात. आणि एका कोपऱ्यात, वळणदार अक्षरांत, चित्र लावणाऱ्याचे नाव. ही सही हाताने केलेली नसते. ती मूळ अर्थाने ‘सही’ही नसते, कारण ज्याचे नाव त्या नटाच्या खांद्याशी झळकते, त्याने तो नट बहुधा पडद्यावाचून कधी पाहिलेलाच नसतो. मग ती खोटी म्हणावी काय? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही, आणि ते शोधण्यासाठी मराठी माणसाने थोडे दक्षिणेकडे जावे हे बरे.

कुंभकोणम्हून तंजावरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंधरा-एक किलोमीटर गेले की पापनाशम् लागते. याच नावाचे दुसरे गाव तिरुनेलवेलीकडे, ताम्रपर्णीच्या काठी आहे; कमल हासनचा २०१५ सालचा ‘पापनाशम्’ हा चित्रपट त्या गावाचा, या गावाचा नव्हे. हे कावेरीच्या खोऱ्यातले भाताचे गाव. येथील एका देवळात एकशेआठ शिवलिंगे आहेत, तर दुसऱ्या देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळी बांधलेले धान्याचे भव्य कोठार आहे. या मुलखातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून चालत गेले, तर मोठ्या नटाच्या नव्या चित्रपटाच्या आधी किंवा त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. नटाचे अवाढव्य चित्र, आणि त्याच्या पायाशी, कडेला, खांद्यावर गावातल्या दहा-वीस तरुणांचे चेहरे, प्रत्येकाखाली त्याचे नाव. पडद्यावरची लहानशी सही येथे रस्त्यावर उतरून घराएवढी झालेली असते.

तमिळ भाषेत चाहत्याला ‘रसिगर्’ म्हणतात आणि चाहत्यांच्या मंडळाला ‘रसिगर् मन्रम्’. आपला ‘रसिक’च तो. मराठी रसिक मैफलीत डोळे मिटून बसतो, समेवर मान डोलावतो आणि फार झाले तर ‘क्या बात है’ म्हणतो. तमिळ रसिक पहिल्या खेळाला चित्रपटगृहाच्या दारी ढोल वाजवतो आणि नटाच्या प्रतिमेला दुधाचा अभिषेक करतो. शब्द एकच, पण एकाने त्यातला आस्वाद उचलला आणि दुसऱ्याने भक्ती. यात कोण अधिक रसिक, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. नाही म्हणायला, दूध ओतण्याचे समर्थन मात्र कठीण आहे.

आता ही चित्रे होतात कशी ते पाहावे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की, यंत्राने चित्र केले म्हणजे कष्ट संपले. वस्तुतः कष्ट तेथे सुरू होतात. पहिले काम निवडीचे. नटाची हजारो छायाचित्रे उपलब्ध असतात. त्यांतले असे एक निवडायचे की, त्यावर प्रकाश एकाच बाजूने पडला आहे, कडा स्पष्ट आहेत आणि नजर चौकटीच्या आतल्या बाजूला आहे. नजर बाहेर गेली तर पाहणाऱ्याचा डोळाही तिच्यामागे बाहेर निघून जातो. दुसरे काम कापण्याचे. मूळ चित्रातली भिंत, माणसे, खुर्च्या सगळे दूर करून केवळ आकृती उरवायची. गाल, खांदा, सदऱ्याची बाही यांच्या कडा धीराने गेल्यास नीट निघतात. खरी परीक्षा केसांची. सुटलेली एक-एक बट राखली नाही, तर डोक्यावर टोपी चढविल्यासारखे दिसते, आणि सगळीच राखू गेले, तर मागच्या भिंतीचा रंग केसांतून डोकावतो. शिकाऊ माणूस आणि मुरलेला कारागीर यांतला फरक ओळखायचा असेल, तर चित्रातल्या चेहऱ्याकडे पाहू नये. कानामागच्या केसांकडे पाहावे.

त्यानंतर थर येतात. फोटोशॉप नावाचे जे साधन या कामात मुख्यत्वे वापरतात, ते टॉमस नोल या मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने १९८७ साली आपल्या संगणकावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून लिहिलेल्या एका लहानशा योजनेतून वाढले. त्याचा भाऊ जॉन चित्रपटातील दृश्यचमत्कार घडविणाऱ्या संस्थेत होता. त्याने तिचे मोल ओळखले. फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने ती बाजारात आणली. तथापि तिच्यात थरांची सोय आली ती १९९४ साली. तोपर्यंत एका चित्रावर दुसरे चिकटविले की ते कायमचे चिकटे. थर आल्यावर प्रत्येक गोष्ट काचेच्या वेगळ्या तावावर राहू लागली: तळाशी आकाश, त्यावर धूर, त्यावर नट, त्यावर प्रकाशाची तिरीप आणि सर्वांत वर नाव. कोणताही ताव काढावा, सरकवावा, फिका करावा. बाकीच्यांना धक्का लागत नाही. पुढे १९९६ साली बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेले ‘गिम्प’ हे साधन फुकट मिळू लागले, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्यालाही ही विद्या खुली झाली. चित्र साठविण्याच्या पद्धतींनीही हातभार लावला. ‘गिफ’ या १९८७ च्या पद्धतीत २५६ च रंग मावत आणि पारदर्शकता असे ती पूर्ण किंवा मुळीच नाही. म्हणून कापलेल्या आकृतीच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या दिसत. १९९६ च्या ‘पीएनजी’ पद्धतीने अर्धी, पाव, दशांश अशी पारदर्शकता दिली आणि केसांची बट प्रथमच हवेत मोकळी झाली.

थरांची ही युक्ती तंजावरला मात्र नवी नव्हती. तंजावर शैलीचे जे चित्र आज देशभर घरांच्या भिंतींवर दिसते, ते असेच तळापासून वर चढत जाते. फणसाची फळी, तिच्यावर डकविलेले कापड, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप, त्यावर रेखाटन, मग दागिने, प्रभावळ, कमानी यांच्या जागी उठावाचे काम, त्यात बसविलेली काच आणि खडे, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि सगळ्यांत शेवटी रंग. या कलेला मोठा आश्रय दिला तो तंजावरच्या भोसले राजांनी, ज्यांचे राज्य व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत चालले. या चित्रात देव मोठा असतो, मध्यभागी असतो, गोरापान आणि गुबगुबीत असतो. भोवतालचे भक्त लहान. आकार हा येथे अंतरावर ठरत नाही, योग्यतेवर ठरतो. आजच्या फलकावरील नट आणि त्याच्या पायाशी असलेले तरुण यांचे प्रमाण ज्याला हास्यास्पद वाटते, त्याने एकदा तंजावरचे चित्र निरखून पाहावे.

छायाचित्रावर हात फिरविण्याची कलाही या मुलखात जवळजवळ छायाचित्राइतकीच जुनी आहे. लिनियस ट्राइप हा मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार १८५८ साली तंजावरला आला. बृहदीश्वराच्या मंदिराच्या पायथ्याशी कोरलेला राजराज चोळाचा लेख त्याने तुकड्यातुकड्यांनी टिपला आणि एकवीस छायाचित्रे एकापुढे एक जोडून सुमारे एकोणीस फुटांची एक पट्टी केली. हा जोडकामाचा एक थक्क करणारा नमुना आहे. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, त्या काळच्या रसायनांना आकाश नीट टिपता येत नसे. ते नुसते पांढरे उतरे. तेव्हा ट्राइप आपल्या कागदी निगेटिव्हवर कुंचल्याने ढग रंगवी, झाडांची पालवी सावरी. जे ढग त्या दिवशी नव्हते ते कागदावर आले. इतिहासकार त्या चित्रांना पुरावा मानतात, आणि योग्यच मानतात. कारण देऊळ खरे आहे, लेख खरा आहे. ढगांवरून कोणी भांडत नाही.

नटाशेजारी आपला चेहरा बसविण्याचा प्रकार मात्र याहून वेगळा, आणि त्याचे पूर्वज शोधायचे तर राजस्थानातील नाथद्वाऱ्यास जावे लागते. तेथे श्रीनाथजींच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंसाठी चितारी ‘मनोरथ’ नावाची चित्रे करून देत. चित्रात मध्यभागी श्रीनाथजी, समोर पूजा करणारे गोस्वामी महाराज, आणि दोन्ही बाजूंना हात जोडून उभे असलेले यजमानाचे कुटुंब. विसाव्या शतकाच्या आरंभी अशी चित्रे होऊ लागली की, ज्यांत कुटुंबाचे कपडे, दागिने, हात सगळे रंगविलेले, पण चेहरे मात्र छायाचित्रातून कापून चिकटविलेले. गाभाऱ्यात देवाच्या इतक्या निकट उभे राहण्याचा योग त्या कुटुंबाला प्रत्यक्षात येता ना. चित्राने तो आणून दिला. त्याला कोणी लबाडी म्हटले नाही, कारण चित्राचे नावच ‘मनोरथ’ होते. जे घडले ते नव्हे, जे घडावेसे वाटते ते. चाहत्याच्या चित्राला आज जर असे एखादे प्रांजळ नाव असते, तर अर्धे वाद मिटले असते.

परंतु मराठी माणसाच्या दृष्टीने या परंपरेतला सर्वांत हृद्य नमुना कुंभकोणम्च्या पूर्वेस, तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामींच्या देवळात आहे. दक्षिणेत हातात पणती घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीच्या धातुमूर्ती देवाला वाहण्याची चाल आहे. आपण त्यांना दीपलक्ष्मी म्हणतो. तमिळ लोक ‘पावै विळक्कु’ म्हणतात. बहुतेक दीपलक्ष्मी निनावी असतात. ही तशी नाही. ती अम्मणी नावाच्या एका स्त्रीची स्वतःची प्रतिमा आहे. अम्मणी ही तंजावरच्या मराठा राजघराण्यातली, प्रतापसिंह नावाच्या राजपुत्राची आप्त. (अठराव्या शतकातील राजा प्रतापसिंह तो हा नव्हे, त्याच घराण्यातला पुढच्या काळातला.) प्रतापसिंहाविषयीचा आपला मनोरथ सिद्धीस जावा म्हणून तिने देवाला लक्ष दीपांचा नवस केला, आणि तो फेडताना त्या दीपांपैकी एक दीप धरणारी म्हणून आपलीच मूर्ती घडवून १८५३ साली देवळात उभी केली. बैठकीवर तसा लेख कोरलेला आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी तंजावरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, राजवाड्यातले वैभव गेले. अम्मणी आपली पणती घेऊन उभी राहिली.

येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. तिने आपली मूर्ती देवाच्या शेजारी बसविली नाही. देवापुढे ठेवली. हातात दिवा दिला, म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी तिच्यावर न खिळता प्रकाशाच्या दिशेने पुढे जावी. नाव कोरले, पण पायाशी. प्रियाचे नाव, आपले नाव आणि देवाचे नाव तिघांनाही त्या मूर्तीत जागा मिळाली आणि कोणाची कोणाला अडचण झाली नाही. आजच्या तमिळ किंवा मराठी फलकांवर नेमका हाच तोल बिघडतो.

पापनाशम्चे नाव आज दक्षिणेत ज्यांच्यामुळे घरोघरी पोचले, त्या पापनाशम् शिवन् यांच्याकडेही हा तोल होता. १८९० ते १९७३ हा त्यांचा काळ. मूळ नाव रामय्या. त्यांनी शेकडो भक्तिगीते रचली, चित्रपटांसाठी पदे लिहिली, चित्रपटांतून कामेही केली. तमिळ चित्रपटसृष्टीचे पहिले मोठे लोकप्रिय नट त्यागराज भागवतर यांच्या ज्या ‘हरिदास’ चित्रपटाने १९४४ च्या दिवाळीला मद्रासच्या एका चित्रपटगृहात पाऊल ठेवले आणि तीन दिवाळ्या पाहून मग ते उचलले, त्याची गीते शिवन् यांची. आईबापांना छळणारा मुलगा पुढे त्यांचा सेवक होतो, ही त्याची कथा ऐकून मराठी श्रोत्याला पुंडलिक आठवल्यावाचून राहणार नाही. कर्नाटक संगीतात रचनाकार आपले नाव गीताच्या शेवटच्या चरणात गुंफतो. त्याला ‘मुद्रा’ म्हणतात. शिवन् यांची मुद्रा होती ‘रामदास’. आपल्या समर्थांशी तिचा संबंध नाही, पण भाव तोच. कवी आपले नाव देवाच्या नावाला बांधून टाकतो. कोणाचा दास एवढेच सांगतो. आपल्या संतांच्या अभंगांतही नाव असेच अखेरीस येते. ती खरी चाहत्याची सही म्हणावी.

नावांच्या या देवघेवीत मराठी मुलखाचा वाटा अनपेक्षितपणे मोठा आहे. विळुप्पुरम्चा गणेशन् नावाचा नाटकातला मुलगा अण्णादुराईंच्या नाटकात शिवछत्रपतींची भूमिका करतो, पेरियार त्याला ‘शिवाजी’ म्हणतात, आणि पुढे अर्धे शतक तमिळनाडूच्या भिंतींवर ‘शिवाजी’ हे नाव रंगविले जाते ते शिवाजी गणेशन् यांच्यासाठी. उलट, बेंगळुरूच्या मराठी घरात १९५० साली जन्मलेला शिवाजीराव गायकवाड १९७५ साली के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ्’मध्ये पडद्यावर येतो तो रजनीकांत होऊन. एकाने शिवाजी हे नाव घेतले, दुसऱ्याने ते ठेवून दिले. आणि चाहत्यांनी या दोघांची जितकी चित्रे रंगविली, कापली, चिकटविली तितकी फार थोड्यांच्या वाट्याला आली असतील. चाहत्यांच्या प्रेमाला एक मर्यादा असते, तीही याच मुलखात दिसली. शिवाजी गणेशन् १९८९ साली तंजावरजवळच्या तिरुवैयारू मतदारसंघातून विधानसभेला उभे राहिले आणि पडले. ज्याचे चित्र घरात लावावे त्याला मत द्यावेच असे नाही, हे कावेरीकाठच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही.

मद्रासेत पूर्वी चित्रपटांचे प्रचंड फलक हाताने रंगवीत. लहान छायाचित्रावर चौकोनांची जाळी आखायची, तीच जाळी मोठ्या प्रमाणावर फलकावर आखायची आणि चौकोनामागून चौकोन भरत जायचे. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या आरंभी फ्लेक्सवर छापणारी यंत्रे आली आणि ती चितारी मंडळी पाहता पाहता बेकार झाली. त्यांच्याबद्दल हळहळ वाटते. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चितारी पुढाऱ्यांचे, नटांचे चित्र काढी. गावातल्या सायकलवाल्याचे, शिंप्याच्या मुलाचे चित्र त्या फलकावर काढण्याचा खर्च कोणाला परवडणार? फ्लेक्सने त्यांना जागा दिली. ज्याचे छायाचित्र शाळेच्या दाखल्यापलीकडे कधी कोठे लागले नाही, तो एका रात्रीत आपल्या आवडत्या नटाच्या शेजारी चौकात उभा राहिला. हा आनंद क्षुद्र मानण्याचे कारण नाही.

परंतु लहान सही मोठी करताना काय होते ते आकड्यांतच पाहावे. पाचशे बिंदू रुंद आणि दीडशे बिंदू उंच अशा सहीचित्रात एकूण पंचाहत्तर हजार बिंदू असतात. वीस फूट बाय दहा फुटांचा फलक इंचाला बहात्तर बिंदू या हिशेबाने छापला, तर सुमारे १४ कोटी ९३ लाख बिंदू लागतात. म्हणजे जवळजवळ दोन हजार पट. मित्राने भ्रमणध्वनीवर पाठविलेले, वाटेत दाबून लहान झालेले छायाचित्र त्या मापाला ताणले की गालांचे चौकोन होतात. म्हणून दुकानातला कारागीर चेहरे गुळगुळीत करतो, उजळ करतो, डाग पुसतो. फलकावरचे सगळे तरुण एकाच आईचे वाटतात त्याचे कारण हे. अक्षरांची कथाही अशीच. युनिकोडमधील देवनागरी वा तमिळ अक्षरे ही साधने पुष्कळ वर्षे नीट जोडीत नसत. जोडाक्षरे फुटत, वेलांटी भलतीकडे जाई. म्हणून महाराष्ट्रातले कारागीर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या पद्धतींवर विसंबले. ‘हार्दिक’ शब्दातली दीर्घ झालेली वेलांटी मात्र कोणत्याही यंत्राचा दोष नव्हे.

महाराष्ट्राचा उल्लेख निघालाच आहे, तर आपल्याकडचे चौकही दृष्टीआड करता येणार नाहीत. आपल्या फलकांवर नटापेक्षा पुढारी अधिक, आणि प्रसंग बहुधा वाढदिवसाचा. वर राष्ट्रीय नेते, त्याखाली राज्याचे, मध्ये उत्सवमूर्ती, तिच्या नावामागे ‘भावी’ हे आशावादी विशेषण, आणि तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून चेहऱ्यांची रांग. कोणाचा चेहरा कोणापेक्षा किती लहान, कोण उजवीकडे, कोण डावीकडे, याबाबत जे काटेकोर वाद दुकानात होतात ते एखाद्या राजशिष्टाचार अधिकाऱ्यालाही शिकण्याजोगे असतात. यात अनेकदा असे दिसते की, उत्सवमूर्तीपेक्षा शुभेच्छुकच मोठा झाला आहे. अम्मणीची पणती येथे विझलेली असते.

आणि हा केवळ रुचीचा प्रश्न राहिलेला नाही. १२ सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईत दुचाकीवरून घरी निघालेल्या तेवीस वर्षांच्या एका अभियंता तरुणीवर रस्त्याच्या दुभाजकावरचा एक फलक कोसळला; ती तोल जाऊन पडली आणि मागून येणारा पाण्याचा टँकर तिच्यावरून गेला. फलक एका लग्नाचा होता. त्यावरच्या एकाही चेहऱ्याशी त्या मुलीचा संबंध नव्हता. ८ जानेवारी २०२४ रोजी कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात एका नटाच्या वाढदिवसाचा फलक रात्री उभारताना विजेचा धक्का बसून तीन तरुण चाहते दगावले. ज्याच्या आनंदासाठी फलक, तो नट त्यांच्या घरी सांत्वनाला गेला. नियम नव्हते असे नाही. तमिळनाडूत सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास मनाई करणारा कायदा १९५९ चा आहे, महाराष्ट्रातला १९९५ चा. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली हयात व्यक्तींची चित्रे फलकांवर लावण्यास हरकत घेतली, २०१८ च्या डिसेंबरात फ्लेक्सच्या फलकांवर सरसकट बंदीचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१७ साली बेकायदा फलकांविरुद्ध कडक निकाल दिला. पण फलक रात्री बाराला लागतो आणि कचेरी सकाळी दहाला उघडते. परवानगीचा अर्ज देणारा नियमात सापडतो; न देणाऱ्याला शोधावे लागते; आणि ज्याचे चित्र मध्यभागी आहे तो ‘मी लावले नाही, कार्यकर्त्यांनी लावले’ म्हणून मोकळा होतो. चाहत्याची सही असते ती अशी कामाला येते. खाली नाव ज्याचे, जबाबदारी त्याची. निदान शोधणाऱ्याला तेवढे तरी लिहिलेले मिळते.

दुसरा प्रश्न चेहऱ्याच्या मालकीचा. छायाचित्राचा स्वामी कायद्याने बहुधा ते काढणारा. चेहऱ्याचा स्वामी तो नट. २०१५ साली रजनीकांत यांच्या नावाचा व छबीचा परस्पर उपयोग करणाऱ्या एका चित्रपटाला मद्रास उच्च न्यायालयाने मनाई केली. विक्रीसाठी छबी वापरणे आणि प्रेमापोटी वापरणे यांत भेद आहे, आणि नट मंडळी चाहत्यांच्या बाबतीत तो बहुधा पाळतात. पण आता चित्र जोडावे लागत नाही. काय हवे ते शब्दांत सांगितले की यंत्र नवेच चित्र निर्माण करते. नट चाहत्याच्या गळ्यात हात टाकून हसताना दिसतो, आणि कानामागच्या केसांकडे पाहूनही खरे-खोटे कळत नाही. मनोरथ आणि प्रसंग यांमधली शिवण नाहीशी झाली. शिवकाळापासून आपल्या कागदांवर आरंभीच्या मुद्रेखेरीज शेवटी एक लहान मोर्तब उमटवीत, ते येथे मजकूर संपला हे सांगण्यासाठी. त्याखाली कोणी भलता शब्द घुसडू नये म्हणून. चित्रांनाही असे मोर्तब हवे हे या धंद्यातल्या लोकांना पटले आहे. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदी संस्थांनी २०२१ साली एकत्र येऊन चित्र कोठून आले आणि त्यावर काय संस्कार झाले याची नोंद चित्रातच गुंफण्याची पद्धत आखली. चित्र दाबून दुसरीकडे पाठविले की ती नोंद पुष्कळदा गळून पडते, ही तिची अडचण.

चेन्नईतील त्या अपघातानंतर विजय, सूर्या, अजित यांच्यासारख्या नटांच्या बाजूने चाहत्यांना फलक न लावण्याविषयी सांगण्यात आले. फलक पूर्ण थांबले नाहीत. पण चाहत्यांचे पुष्कळसे कौशल्य पडद्यावर परतले. आता नटाच्या वाढदिवसाआधी त्याच्या चाहत्यांपैकीच कोणी एक चित्र तयार करतो, ठरलेल्या वेळी ते प्रकट होते, आणि हजारो माणसे आपल्या नावाशेजारी तेच एक चित्र लावतात. त्यात कोणाचाच चेहरा नटाशेजारी नसतो. फक्त करणाऱ्याचे नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. चित्र हातोहात फिरू लागले की तो कोपरा कापला जातो, कधी चुकून, कधी मुद्दाम. म्हणून जाणते कारागीर आता नाव कोपऱ्यात लिहीत नाहीत. ते नटाच्या सदऱ्याच्या चुणीत, धुराच्या एखाद्या वेटोळ्यात, चित्राच्या अंगातच अशा जागी ते विणून टाकतात की, ते काढायचे तर चित्रच फाडावे लागेल.